आयनांचा झोत आणि पेशींचें अंतरंग



कोणत्याहि वस्तूच्या आंत काय आहे हें जाणावयाचें असेल, तर ती वस्तु कापावी लागते. फणसांतील गरे बाहेरून मोजतां येत नाहींत, आणि सुपारीच्या पोटांतील पांढऱ्या-तांबूस रेघांची नक्षी अडकित्त्याखालीं गेल्यावांचून दृष्टीस पडत नाहीं. आमच्या वसई-आगाशीच्या वाड्यांत पोफळींच्या सावलींत वाढलेल्या मुलाला हें निराळें शिकवावें लागत नाहीं. परंतु कापण्यांत दोन अडचणी आहेत. हत्यार जितकें बोथट, तितकी कापलेल्या जागेची नासाडी अधिक. आणि जें एकदां कापलें तें पुन्हां सांधत नाहीं. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना या दोनहि अडचणी पूर्वींपासून जाचत आल्या आहेत. त्यांपैकीं पहिलीवर या शतकांत एक विलक्षण उपाय निघाला. त्याला केंद्रित आयन-झोत असें म्हणतात. हा झोत म्हणजे धातूच्या विद्युद्भारित अणूंची केलेली सुरीच होय. ती कशी चालते, तिच्या साह्यानें काय दिसतें, आणि जें दिसलें त्यावरून काय म्हणावें व काय म्हणूं नये, एवढें आज सांगावयाचें आहे.

प्रथम मापांची ओळख करून घेऊं. एका मिलिमीटरचे दहा लक्ष सारखे भाग केले, तर त्यांतील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. डोक्यावरील केस सुमारें ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. रक्तांतील तांबड्या पेशीचा व्यास सात ते आठ हजार नॅनोमीटर भरतो. पेशीला शक्ति पुरविणाऱ्या ज्या तंतुकणिका, त्यांची रुंदी पांचशें ते हजार नॅनोमीटर. आणि पेशीभोंवतालचें जें पातळ आवरण, तें अवघें सात-आठ नॅनोमीटर जाडीचें असतें. शाळेंतील सूक्ष्मदर्शक यंत्र प्रकाशावर चालतें. प्रकाशाच्या लहरींची लांबीच मुळीं पांचशें नॅनोमीटरच्या आसपास असल्यामुळें, एकमेकांपासून दोनशें नॅनोमीटरहून कमी अंतरावर असलेले दोन बिंदु त्या यंत्राला वेगळे दाखवितां येत नाहींत. ही मर्यादा एर्न्स्ट आबे या जर्मन शास्त्रज्ञानें १८७३ सालीं दाखवून दिली. जाड सुतळीनें मोतीं ओवतां येत नाहींत, त्यांतलाच हा प्रकार.

सुतळी जाड पडते तर बारीक रेशीम घ्यावें, या न्यायानें १९३१ सालीं बर्लिन येथें माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनीं प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा उपयोग करून सूक्ष्मदर्शक बनविला. इलेक्ट्रॉनांची लहर प्रकाशाच्या लहरीच्या मानानें अत्यंत आंखूड असल्यामुळें पेशीचें आवरणहि दिसूं लागलें. रुस्का यांना या कार्याबद्दल १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु इलेक्ट्रॉन फार दुबळे. जाड वस्तूंतून ते आरपार जात नाहींत. म्हणून पेशी राळेंत घट्ट बसवून तिचे पन्नास ते सत्तर नॅनोमीटर जाडीचे काप काढावे लागतात. ताज्या फोडलेल्या कांचेच्या कडेनें अगर हिऱ्याच्या सुरीनें असे काप काढणें ही एक कलाच होऊन बसली.

ही कला आपल्या मुंबईंतहि लवकरच आली. परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखालीं तयार झालेल्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनीं लंडनला जाऊन इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाची विद्या संपादन केली, आणि परत येऊन परळ येथें प्रयोगशाळा उभारली. वैद्यकीय संशोधनाकरितां स्थापिलेली भारतांतील अशी पहिली प्रयोगशाळा म्हणून ती ओळखली जाते. या प्रयोगशाळेकडे आपणांस पुढें पुन्हां यावयाचें आहे.

आतां काप काढण्यांतील उणीव पाहूं. एक काप म्हणजे पेशीचा एक थर. एका थरावरून सबंध पेशीचा आकार कळत नाहीं. त्याकरितां शेंकडों काप क्रमानें काढून, एकहि न हरवतां, एकावर एक रचावे लागतात. काप दुमडतात, फाटतात, पाण्यावर तरंगतांना निसटतात. एका सूक्ष्म कृमीच्या अवघ्या ३०२ मज्जापेशींची जोडणी अशा रीतीनें रेखाटण्यास सिडने ब्रेनर यांच्या सहकाऱ्यांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तें काम १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. शिवाय काप पन्नास नॅनोमीटर जाडीचा असला, तर त्याहून बारीक असा तंतु त्या जाडींत कोठें वळला, याचा पत्ता लागत नाहीं. हातानें धरावयाची सुरी येथें थकली. यापुढें जी सुरी हवी होती तिला पातेंच नको होतें.

आयन म्हणजे काय हें येथें सांगितलें पाहिजे. अणूच्या मध्यभागीं जड केंद्र असतें व भोंवतीं इलेक्ट्रॉन असतात. त्यांतील एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला कीं अणूवर विजेचा भार उरतो, आणि विजेच्या जोरानें त्याला हवें तिकडे पळवितां येतें. असा भारित अणु म्हणजे आयन. या कामाला बहुधा गॅलियम नांवाचा धातु वापरतात. तो तीस अंशांच्या किंचित् आधींच वितळतो. आपल्याकडील वैशाखांतल्या दुपारीं तो बशींत ठेवला, तर पाऱ्यासारखा वाहूं लागेल. टंगस्टनच्या अतिशय टोंकदार सुईवर हा वितळलेला गॅलियम पसरवितात आणि सुईसमोर जबरदस्त विद्युद्दाब लावतात. त्या ओढीनें गॅलियमचा टोंकाशीं एक इवलासा शंकु बनतो, व त्याच्या अग्रापासून एकेक आयन सुटूं लागतो. मग सुमारें ३०,००० व्होल्टच्या दाबानें त्यांना वेग देऊन, विजेच्या भिंगांमधून त्यांचा झोत एकवटून, कांहीं थोड्या नॅनोमीटर रुंदीच्या बिंदूवर आणून सोडतात. हें सर्व निर्वात पेटींत चालतें. कारण हवेंतील कण मध्यें आले तर झोत वाटेंतच विस्कटेल.

हा झोत कापतो कसा? गॅलियमचा आयन इलेक्ट्रॉनाच्या सुमारें सव्वा लक्ष पट जड असतो. इलेक्ट्रॉन म्हणजे तांदळाचा एक दाणा मानला, तर आयन हा अडीच किलोचा धोंडा झाला. तांदळाचे दाणे भिंतीवर फेंकले तर भिंतीचें कांहीं बिघडत नाहीं. धोंडे फेंकले तर गिलावा उडतो. अधिक नेमका दाखला कॅरमचा देतां येईल. डाव फोडतांना स्ट्रायकर मध्यभागीं आदळतो, सोंगट्या सोंगट्यांवर आपटतात, आणि कडेच्या एक-दोन सोंगट्या दूर फेंकल्या जातात. त्याचप्रमाणें आयन आंत घुसला म्हणजे अणु अणूंवर आदळतात, आणि पृष्ठभागाजवळचे थोडे अणु बाहेर उडतात. झोत ज्या रेषेवरून फिरवावा, त्या रेषेवरील पदार्थ असा कणाकणानें झडत जातो. येथें दाबणें नाहीं, ओढणें नाहीं. म्हणून कापतांना चुरगळणें व फाटणेंहि नाहीं.

ही युक्ति प्रथम जीवशास्त्रज्ञांची नव्हती. गणकयंत्रांतील सूक्ष्म विद्युन्मंडलें कापून तपासणें व दुरुस्त करणें, याकरितां कारखान्यांतून ती रूढ झाली. आपल्याकडे पवई येथील आय्. आय्. टी. मध्येंहि हा झोत पदार्थविज्ञानाच्या कामीं वापरला जातो. पेशी व ऊतक म्हणजे पेशींचे विणलेले समूह यांच्यावर तिचा प्रयोग करून दाखविणाऱ्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेंतील युर्गेन हायमान व श्रीराम सुब्रह्मण्यम् यांची मंडळी अग्रेसर होती. त्यांचें काम २००६ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें दोनच वर्षांनीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें ग्रॅहॅम नॉट व त्यांचे सहकारी यांनीं याच रीतीनें मेंदूच्या ऊतकाचें चित्रण केलें.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. ऊतकाचा लहानसा तुकडा घेऊन प्रथम तो रसायनांनीं जागच्या जागीं स्थिर करतात, म्हणजे तो कुजत नाहीं व त्याची रचना ढळत नाहीं. मग त्याला ऑस्मियम या जड धातूचा संस्कार देतात. पेशींच्या पातळ आवरणांत स्निग्ध द्रव्य असतें, त्याला हा धातु चिकटतो आणि त्यामुळें तीं आवरणें पुढें इलेक्ट्रॉनांच्या चित्रांत उठून दिसतात. नंतर पाण्याचा अंश काढून टाकून तुकडा राळेंत मुरवितात व ती राळ भट्टींत कडक करतात. असा हा ठोकळा यंत्रांत ठेवतात. या यंत्राला दोन नळ्या असतात. एकींतून आयनांचा झोत येतो, दुसरींतून इलेक्ट्रॉनांचा. आणि दोहोंमध्यें पन्नास अंशांहून थोडा अधिक कोन ठेवून दोनहि झोत एकाच बिंदूवर मिळतील अशी योजना केलेली असते. एक झोत हा हात, दुसरा हा डोळा.

जी जागा पाहावयाची, तिच्या माथ्यावर आधीं प्लॅटिनमचा पातळ थर बसवितात, म्हणजे वरची कड झिजत नाहीं. मग जोरदार झोतानें समोर एक खड्डा खणतात. विहीर खणतांना जशी मातीच्या थरांची उभी भिंत उघडी पडते, तशी येथें ऊतकाची भिंत उघडी पडते. यानंतर खरें काम सुरू होतें. आयनांचा झोत त्या भिंतीवरून पांच ते दहा नॅनोमीटरचा पापुद्रा उडवितो. इलेक्ट्रॉनांचा झोत नव्या भिंतीवरून फिरून तिचें चित्र घेतो. पुन्हां पापुद्रा, पुन्हां चित्र. एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. जुन्या रीतींत काप राखून ठेवीत व कापाचें चित्र घेत. येथें काप राखतच नाहींत. तो नाहींसा होतो, आणि मागें जें उरलें त्याचें चित्र घेतात. म्हणून दुमडणें नाहीं, हरवणें नाहीं, आणि चित्रें एकावर एक बरोबर बसतात. गणकयंत्र तीं रचून पेशीचें घनरूप उभें करतें. तें मग कोणत्याहि बाजूनें फिरवून पाहतां येतें.

या रीतीनें जें दिसलें तें थक्क करणारें आहे. पाठ्यपुस्तकांत तंतुकणिका शेंगदाण्यांसारख्या सुट्या काढलेल्या असतात. घनरूप पाहिलें म्हणजे पुष्कळ पेशींत त्या लांबट, वळलेल्या, फांद्या फुटलेल्या आढळतात. २०२० सालीं अमेरिकेंतील जनेलिया संशोधन केंद्रानें पिकलेल्या केळ्यांभोंवतीं घोंघावणाऱ्या लहानशा माशीच्या मेंदूचा मोठा हिस्सा अशा रीतीनें रेखाटून प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें २५,००० मज्जापेशी आणि त्यांच्यामधील सुमारें दोन कोटि जोडण्या आहेत. त्यासाठीं मेंदूच्या प्रथम तापलेल्या सुरीनें जाड चकत्या केल्या, प्रत्येक चकती आयनांच्या झोतानें निरनिराळी झिजविली, आणि चित्रें पुन्हां सांधलीं. त्याच केंद्रानें २०२१ सालीं सबंध पेशींचीं चार-चार नॅनोमीटरच्या पायऱ्यांनीं घेतलेलीं चित्रें जगापुढें ठेवलीं.

आतां थोडें गणित करूं. समजा, वीस हजार नॅनोमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल असा एक घन पाहावयाचा आहे. पापुद्रा पांच नॅनोमीटरचा धरला तर ४,००० पापुद्रे झाले. एकेकाला एक मिनिट धरलें, तर ४,००० मिनिटें, म्हणजे जवळ जवळ पावणेतीन दिवस. हा घन केवढा? एका घन मिलिमीटरमध्यें, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनहि लहान जागेंत, असे १,२५,००० घन मावतात. ती जागा एका यंत्रानें या गतीनें पाहावयाची म्हटली तर सुमारें साडेनऊशें वर्षें लागतील. ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या दोनशें वर्षें आधीं सुरू केलेलें काम आज कोठें संपलें असतें! यंत्रें सुधारलीं, एकाच वेळीं अनेक चालविलीं, तर हा काळ घटतो. परंतु सबंध शरीर अगर सबंध अवयव या रीतीनें पाहण्याची गोष्ट बोलावयास नको. कोठें पाहावयाचें हें आधीं ठरवावें लागतें, आणि तें ठरविणें यंत्राच्या हातीं नाहीं.

राळेंतील ऊतक हें रसायनांनीं बदललेलें ऊतक असतें, हा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून गोठवण्याची रीत निघाली. पेशी एका क्षणांत इतक्या त्वरेनें गोठवितात कीं पाण्याचे स्फटिक बनण्यास अवसरच मिळत नाहीं. पाणी कांचेसारखें घट्ट होतें व पेशी होती तशी थिजते. ही गोठवण्याची विद्या सिद्ध करणारे झाक ड्युबोशे २०१७ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. अशा थिजलेल्या जंतूंना आयनांच्या झोतानें तासतां येतें आणि पाण्याचे स्फटिक होत नाहींत, हें अमेरिकेंतील मायकेल मार्को व त्यांच्या मंडळींनीं २००७ सालीं दाखविलें. या रीतींत झोत वरून व खालून पेशी झिजवून मध्यें शंभर ते दोनशें नॅनोमीटरची पातळ खिडकी शिल्लक ठेवतो. मग तींतून इलेक्ट्रॉन आरपार पाठवून आंतील रेणूंचीं यंत्रें त्यांच्या जागीं पाहतां येतात.

आयनांचा आणखी एक उपयोग आहे. हेलियम वायूचे आयन हलके असतात. त्यांच्या झोतानें कापण्यापेक्षां पाहण्याचेंच काम घेतात. पेशीवर विजेचा भार सांचूं लागला तर वरून इलेक्ट्रॉनांचा शिडकावा करून तो नाहींसा करतां येतो. त्यामुळें पेशीला धातूचा मुलामा द्यावा लागत नाहीं, व तिच्या पृष्ठभागावरील अगदीं बारीक नक्षी झांकली जात नाहीं.

इतकें झाल्यावर उणिवाहि सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, झोतांतील गॅलियमचे कांहीं अणु पृष्ठभागांत रुतून बसतात आणि वरचा पातळ थर बिघडवितात. दुसरी ही कीं, ऊतकांत मऊ व कठीण भाग शेजारीं शेजारीं असले तर ते सारखे झिजत नाहींत, आणि भिंतीवर पडद्याच्या चुण्यांसारख्या रेघा उमटतात. नवख्या पाहणाऱ्याला त्या रेघा पेशींतल्याच वाटण्याचा संभव असतो. तिसरी सर्वांत मोठी, आणि आरंभीं सांगितलेली दुसरी अडचण तीच. जें पाहिलें तें उरत नाहीं. काचपट्टीवरील काप शंका आली तर पन्नास वर्षांनींहि पुन्हां पाहतां येतो. येथें चित्र घेतल्यावर पुढच्याच मिनिटाला तो पृष्ठभाग वायुरूप होऊन जातो. मध्यरात्रीं यंत्राची दृष्टि थोडी अंधुक झाली, तर तेवढा भाग कायमचा गेला. चित्र हाच एकमेव साक्षीदार राहतो.

आणि साक्षीदार खरा असला तरी त्याला विचारलेला प्रश्न बरोबर असावा लागतो. येथें मी परळच्या प्रयोगशाळेकडे परत येतों. १९५२ सालीं पूर्व आफ्रिकेंतील भारतीय स्त्रियांत श्वार्ट्झ नांवाच्या वैद्याला एक विकार आढळला. तोंडाच्या आंतली त्वचा पांढुरकी व ताठ होते, तिखट सोसत नाहीं, आणि हळूहळू तोंड उघडेनासें होतें. पुढच्याच वर्षीं मुंबईंत डॉ. एस्. जी. जोशी यांनीं त्याचें वर्णन करून त्याला आज प्रचलित असलेलें नांव दिलें. या विकारांतून कर्करोग उद्भवतो, असें टाटा रुग्णालयांतील डॉ. पेमास्टर यांनीं १९५६ सालीं दाखविलें. कारण कोणतें? संशय मिरचीवर होता. डॉ. सिरसाट व डॉ. खानोलकर यांनीं मिरचींतील तिखट द्रव्य उंदरांच्या टाळूला लावून, तेथील बदल साध्या व इलेक्ट्रॉन अशा दोनहि सूक्ष्मदर्शकांनीं तपासले, आणि १९६० सालीं तें काम प्रसिद्ध केलें. तंतु जाड झालेले त्यांना दिसले, आणि तें दिसणें खरें होतें. परंतु मनुष्यांतील या विकाराचें मुख्य कारण सुपारी आहे, हें पुढील काळांत हजारों माणसांच्या संवयी विचारून, नोंदून व ताडून पाहिल्यावर निश्चित झालें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निर्णयांत सुपारी ही स्वतःच, तंबाखूवांचूनहि, कर्करोगकारक ठरविली आहे.

यांत त्या थोर संशोधकांचें उणें काढण्याचा हेतु नाहीं. त्यांनीं रचना पाहिली नसती तर विकाराचें स्वरूपच कळलें नसतें. मुद्दा असा कीं, सूक्ष्मदर्शक कितीहि तीक्ष्ण असो, तो एका ठिकाणीं काय आहे हें सांगतो; कशामुळें आहे हें माणसांत हिंडून, प्रश्न विचारून, मोजून काढावें लागतें. पांच नॅनोमीटरचे पापुद्रे उडविणाऱ्या झोतालाहि हाच नियम लागू आहे. उद्यां या झोतानें ताठर झालेल्या गालांतील पेशी व तंतु यांची घनचित्रें कोणी काढलीं, तर तीं बहुमोल होतील. परंतु तो घन कोणाच्या तोंडांतील, किती वर्षें सुपारी खाणाऱ्याच्या, कोणत्या जागेवरचा, याची साधी लेखी नोंद शेजारीं नसेल, तर त्या सुंदर चित्राला फारसा अर्थ राहणार नाहीं.

आपल्या घरांतील मंडळींनीं यांतून एक गोष्ट घ्यावी. वर्तमानपत्रांत नव्या यंत्राचें वर्णन वाचून, आपल्या रोग्याची तपासणीहि त्याच यंत्रावर व्हावी, असा आग्रह कधीं कधीं धरला जातो. आयन-झोत हें संशोधनाचें साधन आहे. रोगनिदानाचें नित्याचें साधन नव्हे. घरांत कोणाचें तोंड नीट उघडत नसेल, जेवतांना आंत झोंबत असेल, आणि त्याला सुपारी किंवा गुटखा यांची संवय असेल, तर ती संवय त्याच दिवशीं थांबवावी व दंतवैद्याकडे अगर डॉक्टराकडे जावें. त्यांनीं घेतलेला लहानसा तुकडा साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालीं जाणत्या डोळ्यानें पाहिला, म्हणजे बहुधा काम भागतें. उशीर मात्र करूं नये. कारण ताठ झालेली त्वचा पूर्ववत् मऊ होणें कठीण असतें.

शाळांतून विज्ञान शिकविणाऱ्या माझ्या बंधुभगिनींना एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, मुलांना हीं नवीं चित्रें अवश्य दाखवावींत, आणि त्यांबरोबर तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी: हा तुकडा कोठला, तो दिसण्याआधीं त्याच्यावर काय काय केलें, आणि याच्यासारखे आणखी किती पाहिले? हे प्रश्न विचारावयास महागडें यंत्र लागत नाहीं. ते विचारणारीं मुलें उद्यां या झोतापाशीं बसलीं, तर पापुद्रा उडण्यापूर्वीं त्यांनीं पुरता विचार केलेला असेल.